अंगण झाडून झालं का?

"झालं झाडून!" असं म्हणत राजवाड्याची झाडलोट करणाऱ्या येसूनं कंबर सरळ केली, आणि नेमकं तेव्हाच कडुनिंबाचं एक पान गिरक्या घेत तिच्या पायाशी येऊन पडलं.

"नाही झालं!" ओट्यावरून राजा दुर्गदेव गरजला. "ते बघ पान!"

येसूनं ते उचललं. मागोमाग दुसरं पडलं. फाल्गुनातला कडुनिंब तो, त्याला कोण समजावणार?

हे सगळं त्या अंगरख्यापायी घडलं होतं. आठच दिवसांपूर्वी शिंप्यानं "झाला, सरकार!" म्हणून दिलेल्या अंगरख्याची बाही भर दरबारात सुटून राजाच्या हातात आली होती. पाहुणे हसले, राजा भडकला आणि त्यानं तडकाफडकी दवंडी पिटवली. जे काम पुन्हा करावं लागतं, ते झालंच नाही! आणि काम झाल्याशिवाय कुणी जागचं हलायचं नाही! "अगदी मीसुद्धा!" असं राजानं आवेशात जोडून दिलं होतं.

एरवी येसूनं मुकाट्यानं झाडलं असतं. पण आज तिच्या भाचीचं बारसं होतं. दोन कोसांवर माहेर, आणि दिवेलागणीला पाळणा. आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगायचं, कुर्र करायचं आणि बायकांचे धपाटे पाठीत खायचे, हा तिचा हक्काचा मान. ती पोचली नाही तर तो मान चुलत आत्या गोजराला जाणार होता. गोजरानं तर गावभर सांगून ठेवलं होतं, की मुलीला आपल्या वारलेल्या लाडक्या म्हशीचं नाव ठेवणार. म्हशीचं नाव होतं ढब्बी!

"माझ्या भाचीला जन्मभर ढब्बी म्हणतील हो!" येसूला अगदी रडू फुटायचं बाकी होतं.

तिनं झाड काठीनं झोडून पाहिलं, म्हणजे काय पडायचं ते एकदाच पडेल. पडलं ते टोपलीभर, आणि वर आणखी होतंच. पहारेकऱ्याला तिची दया आली. तो पागोटं उलटं धरून पानं झेलत अंगणभर धावला आणि तुळशीवृंदावनावर आपटला. मग एक कावळा येऊन फांदीवर बसला, तशी आणखी चार पानं गळली, आणि येसूनं कपाळाला हात लावला.

एवढ्यात हरबा न्हावी धोकटी घेऊन आला. राजा अंगणातच पाटावर बसला. हरबानं दाढी केली, डोकं तासलं आणि आरसा पुढं धरला.

"झाली, सरकार!"

राजानं गालावरून हात फिरवला. आतून भरल्या वांग्यांचा वास येत होता. तो खुशीत उठला.

"बसा, महाराज!" येसू म्हणाली. "हजामत झाली नाही अजून."

"नाही कशी? हात लावून बघ, लोणी आहे लोणी!"

"उद्या हरबाकाका पुन्हा येणार का?"

"येणारच! रोज येतो."

"म्हणजे पुन्हा करावी लागणार. मग झाली कुठं? आणि झाली नाही तर जागचं हलायचं नाही. हुकूम तुमचाच!"

राजानं वांग्यांच्या वासाकडे एकदा नाक वळवलं. पण हट्टी माणूस, स्वतःचा हुकूम मोडेल कसा? तो परत पाटावर बसला. "हरबा, पुन्हा कर. अशी कर की उगवताच कामा नये!"

हरबानं पुन्हा वस्तरा फिरवला. मग तिसऱ्यांदा फिरवला. राजाचे गाल जास्वंदीसारखे लाल झाले.

"सरकार, मी डावीकडे करतोय तोवर उजवीकडे उगवतंय!" हरबा येसूकडे बघत गालातल्या गालात हसला.

राजा वैतागून तसाच दाराकडे निघाला. तर उंबऱ्यात आईसाहेब आडव्या!

"राजे, आहात तिथंच थांबा! हजामतीचे तसेच घरात येता? आधी आंघोळ!"

"मग पाणी तरी द्या, आईसाहेब!"

"हजामत झाली का?"

"ते... ही येसू नाही म्हणते."

"मग पाणी कसलं? अर्ध्या हजामतीवर आंघोळ कुणी ऐकली आहे का?" आईसाहेब म्हणाल्या. "आणि वांगी निवायला लागली बरं का. मी बसते जेवायला."

आतून ताट मांडल्याचा आवाज आला. राजाच्या पोटात कावळे ओरडू लागले. झाडावरचाही ओरडलाच.

"झाली!" राजा पाय आपटत किंचाळला. "आजची हजामत झाली! उद्या उगवेल ती उद्याची!"

"नक्की ना, महाराज?"

"नक्की! त्रिवार नक्की!"

येसूनं केरसुणी शांतपणे कोपऱ्यात उभी केली, हात झटकले आणि पदर खोचला.

"मग आजचं अंगणही झालं. आता पडेल ते पान उद्याचं!"

त्याच क्षणी एक पान गिरक्या घेत आलं आणि राजाच्या तुळतुळीत डोक्यावर बसलं. हरबानं तोंडात पंचा कोंबला. पहारेकरी भिंतीकडे वळला. राजानं पान काढून हातात धरलं, त्याच्याकडे पाहिलं, येसूकडे पाहिलं आणि खो खो हसत सुटला. हसता हसता पाटावर बसला!

"हरलो बाई! कोण आहे रे तिकडे? माझी घोडागाडी जोडा, हिला माहेरी पोचवा! आईसाहेब, बाळासाठी चांदीचे वाळे आणा. आणि आधी मला पाणी द्या!"

घोडागाडी दाराशी आली. वाळे पदराला बांधून येसू ऐटीत चढून बसली.

"पण उद्या सकाळी कामावर हजर हो हं!" राजा ओरडला. "आज बारसं झालं, म्हणजे झालं!"

"असं कसं, महाराज?" येसू गाडीतून डोकावली. "बाळाला हाक मारायचं काम तर उद्यापासूनच सुरू होतंय!"

राजा पुन्हा पोट धरून हसला. येसूला चार दिवसांची सुट्टी मिळाली, भाची ढब्बी व्हायची वाचली, आणि ते चारही दिवस अंगण राजानं झाडलं.