दोन पेले

"ओळखलं ना मी बरोबर? झालो ना पास?"

निनाद बोरस्तेने धुऊन पालथी घातलेली रिकामी बाटली अभिमानाने दाखवली.

म्हातारा एर्मेते दारातच थांबला. दिवसभर टेकडीवरच्या द्राक्षवेलींत राबून तो आत्ताच उतरला होता.

इटलीतल्या त्या पाच एकरांच्या मळ्यात म्हाताऱ्याखेरीज कोणी राहत नव्हतं. निफाडचा निनाद तीन वर्षांपूर्वी वाइन शिकायला आला, तेव्हा कुठे त्या घरात दुसरं ताट लागलं. पोरगा हुशार, पण नाकाने कांदे सोलणारा. गाईच्या शिंगांत शेण भरून ती खतासाठी हिवाळाभर पुरायची, चंद्र बघून छाटणी करायची, हे सगळं तो शिकला. 'तू तयार झालास' एवढं एक वाक्य मात्र माएस्त्रोच्या, म्हणजे गुरूच्या तोंडून कधी निघालं नाही. उद्या तो मायदेशी परतणार होता, आणि ते ऐकल्याशिवाय त्याचा पाय निघत नव्हता.

"कधी घेतलास वास?" एर्मेतेने विचारलं.

"सकाळीच. तुम्ही बूच काढून मळ्यात गेलात, लगेच. कुबट वास, माएस्त्रो! नासलेली तांबडी वाइन. मोरीत ओतली."

"चाखली नाहीस?"

"चाखायचंय काय त्यात? मला चकवायला ठेवलीत, हे का कळत नाही मला!"

टेबलावर मांडलेले दोन पेलेही त्याला परीक्षेचंच सामान वाटले होते.

एर्मेतेने बाटली उचलून नाकाशी नेली.

"साबणानं धुतलीस..."

"दोनदा."

म्हातारा हसला नाही, रागावलाही नाही. त्याने बाटली हळूच खाली ठेवली.

"सव्वीस वर्षांची होती. इतकी जुनी वाइन सकाळी उघडायची आणि संध्याकाळपर्यंत तिच्या वाटेला जायचं नाही. कुबटपणा हवेवर उडून जातो. मग ती खरी लागते."

निनादचा चेहरा खर्रकन उतरला. पुस्तकात हे त्याने वाचलं होतं. पण पुस्तकापेक्षा त्याचा भरवसा स्वतःच्या नाकावर जास्त, आणि आजवर त्या नाकाने त्याला कधी दगा दिला नव्हता.

"तळघरात... आणखी एखादी असेल ना?"

"नाही. लिवियाच्या हातची ती शेवटची तोडणी. पुढच्या वसंतात ती गेली."

लिविया म्हणजे म्हाताऱ्याची बायको. तिचा फोटो निनादने रोज पाहिला होता, पण तिच्याबद्दल तीन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. हे आत्ता ध्यानात आलं आणि त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

तो मटकन बाकावर बसला.

"नापास झालो मी. घरी कोणत्या तोंडाने जाऊ?" त्याचा आवाज चिरकला. "पण माएस्त्रो, एवढी मोलाची बाटली... परीक्षेसाठी का काढलीत?"

एर्मेते समोर बसला. मग त्याने तांब्या ओढला, दोन्ही पेल्यांत पाणी ओतलं आणि एक निनादपुढे सरकवला.

"परीक्षा कुठली आलीय, पोरा... उद्यापासून मला पुन्हा एकट्यानं जेवायचंय."