हौसाक्काचा गंधार

फार म्हणजे फारच वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा दुधगाळच्या नदीकाठी तंबोऱ्याचे भोपळे पिकायचे आणि ते पिकवायची हौसाक्का. वेलावरच्या भोपळ्याला ती टिचकी मारायची, कान लावायची आणि सांगायची, "ह्यो गाणार. त्यो नुसता वाजणार." असं म्हणतात, की तिचा शब्द कधी चुकला नाही.

गावच्या महादेवाच्या देवळात अंतोबुवा गवई राहायचे. त्यांचा तंबोरा आक्काच्याच भोपळ्याचा. रोज सकाळी ते तारा लावायचे आणि दारात बसलेल्या आक्काला विचारायचे, "आक्का, लागला का?" तंबोरा खरा लागला, की कुणी न छेडलेला गंधार त्यातून आपोआप उमटतो. आक्का डोळे मिटून त्याची वाट पाहायची. "वाईच थांबा, बुवा. आला न्हाई अजून." मग केव्हातरी ती हसायची, "लागला" म्हणायची आणि बुवा गायला लागायचे. तीस वर्षं हे असं चाललं. तिने स्वतः मात्र तारेला कधी बोट लावलं नाही.

देह ठेवताना बुवा म्हणाले, "आक्का, माझ्या तिथीला इथे सूर लागू दे. ज्या वर्षी लागणार नाही, त्या वर्षी मी या गावातून उठलो म्हणून समज."

पहिली पुण्यतिथी आली, पौष वद्य षष्ठी. बुवांचे दोन पट्टशिष्य आले, दामूअण्णा आणि जिवाजीराव. आता मैफलीत थोरला शेवटी गातो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मग आधी गाणार कोण? दामूअण्णा म्हणाले, "आधी तुम्ही." जिवाजीराव म्हणाले, "छे छे, आधी तुम्ही." बोलणं कसं साखर, पण जागचं कुणी हलेना. सकाळ गेली, दुपार गेली, उन्हं देवळाच्या पायरीवरून उतरायला लागली. तंबोरा कोपऱ्यात गप्प.

असं म्हणतात, की आक्काला बुवांच्या खडावांचा आवाज ऐकू आला. पायरी पायरी करत तो नदीकडे निघाला होता.

ती उठली. तंबोरा मांडीवर घेतला आणि खुंट्या पिळू लागली. आधी नुसती तार वाजली. मग हळूच, कुठूनसा, गंधार आला. गाभारा भरला, नदी वाहायची थांबली, मळ्यातले कच्चे भोपळेसुद्धा वेलावर गुणगुणू लागले म्हणतात! आणि खडावा पायऱ्या चढून परत आल्या.

दोघा शिष्यांनी गुरूचा सूर ओळखला. पगड्या उतरवून दोघांनी एका श्वासात विचारलं, "आक्का, लागला का?"

आक्काचे डोळे भरून वाहत होते. "लागला," ती म्हणाली.

दोघे एकदमच गायले. आधी कोण थांबलं ते कुणालाच कळलं नाही, कारण दोघांच्या मागे तंबोरा वाजतच राहिला.

आजही पौष वद्य षष्ठीला दुधगाळात गवई येतात. पण दारात गावातली एक बाई बसते. त्या दिवशी तिचं नाव काही का असेना, तिला आक्काच म्हणायचं. एकदा एक बडे गवई म्हणाले, "माझा तंबोरा लागलेलाच असतो." गावाने त्यांना चहा पाजला आणि निवांत बसवून ठेवलं. शेवटी त्यांनीही विचारलंच, "आक्का, लागला का?"

ती डोळे मिटते. सगळं गाव पायऱ्यांकडे कान लावून बसतं. ती "लागला" म्हणते, तेव्हा गावाच्या जिवात जीव येतो. बुवा अजून गावातच आहेत.