लपणाची जागा

सातपुड्याच्या जंगलांतून एकदा तीन थकलेली माणसं ऐन वैशाखात जीपने फिरत होती. त्यांतले एक वृद्ध शिक्षक होते. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःला या डोंगरांनाच वाहून घेतलं होतं आणि सगळे त्यांना गुरुजी म्हणत. दुसरा त्यांचा शिष्य निनाद. नुकताच कॉलेजातून बाहेर पडलेला, आणि जग अजून सुधारलं कसं नाही याचा रोज नव्याने राग येणारा. तिसरे होते शहरातले एक कापडाचे व्यापारी. शहरात जशी पाणपोई घालतात, तसा त्यांनी दिवंगत आईच्या नावाने जंगलात प्राण्यांसाठी एक पाणवठा बांधून दिला होता. ओढे आटले की त्यात टँकरने पाणी सोडावं लागे, आणि टँकरही शेठजीच पाठवत.

या वर्षी मात्र त्यांनी अट घातली होती.

"पाणी पिताना एक तरी जनावर मला दिसलं पाहिजे. लोक विचारतात, शेठ, तुमचं पाणी पितं कोण? मी काय सांगू? दिसलं तर पावसाळ्यापर्यंत टँकर माझा. नाहीतर बाजारात आणखी माठ मांडतो. तिथे पिणारा निदान दिसतो तरी."

दुसरा दाता नव्हता आणि पाऊस लांब होता. म्हणून हा प्रवास.

शेठजींचं मन राखायला वाटेतली अभयारण्यंही एकामागून एक पाहिली आणि सगळीकडे तोच प्रकार दिसला. पहाटे उठून फाटकावर रांग लावायची. कुठे चितळ भेदरून ओरडलं की सगळ्या जीपा तिकडे सुटायच्या, आणि धूळ खाली बसल्यावर रस्त्यावर फक्त जीपाच उरलेल्या असायच्या. शेठजींची पाठ धरली होती. त्यांच्याशी सतत गोड बोलून निनादची जीभ शिणली होती.

"आज तरी काही दिसेल का रे?" शेठजींनी विचारलं.

"शेठ, वाघ काय एसटी हाये का, टाइमावर याले?" जीपचा चालक कास्देकर म्हणाला.

"एसटी तरी कुठे वेळेवर येते!" शेठजी कण्हत म्हणाले, आणि त्या उकाड्यातही सगळ्यांना थोडं हसू आलं.

शेवटी ते शेठजींच्या पाणवठ्यावर पोहोचले. निनादने तिथे बांबू आणि पानांचा आडोसा करून एक लपण आधीच उभारून ठेवलं होतं. जागा त्याने विचारपूर्वक निवडली होती. तिथून पाणी, पाणी पिणारं जनावर आणि शेठजींच्या आईच्या नावाची पाटी, तिन्ही एका फोटोत बसणार होती. त्याची युक्तीही ठरली होती. गुरुजींनी जीपमधून निघून जायचं. गाडी गेली म्हणजे माणसं गेली असं जनावरांना वाटतं. तो आणि शेठजी लपणात बसून राहतील.

गुरुजींनी लपणाकडे पाहिलं, काही बोलण्यासाठी तोंड उघडलं आणि मग नुसतीच मान हलवली. तेही थकले होते.

जीप गेली. लपणात ऊन पानांमधून टोचत होतं. समोरचं पाणी निश्चल होतं. त्यावर एक पाखरूही उतरलं नाही. शेठजींनी कितीदा तरी बैठक बदलली. ऊन कलायला लागलं तसा निनादने कॅमेरा डोळ्याला लावला. हीच ती वेळ होती.

आणि त्याच वेळी जीपची घरघर ऐकू आली. जीप सरळ पाण्यापर्यंत आली. गुरुजी उतरले आणि म्हणाले, "उठा. गाडीत बसा."

"गुरुजी!" निनाद जवळजवळ ओरडलाच. "आता कुठे वेळ झाली होती! तुम्ही घालवलंत सगळं!"

"घालवलं खरं. आधी बस."

"म्हणजे आजही नाही," शेठजी पाठ धरून उठत म्हणाले. "मग टँकरचं मला विचारू नका."

जीप घाट चढून डोंगराच्या पलीकडे उतरली, पाणवठा नजरेआड झाला, तेव्हा गुरुजी बोलले.

"वळणावरून मला तुमच्या पाठीमागची उतरण दिसली. निष्पर्ण सागांमध्ये गव्यांचा कळप उभा होता. एक वासरू जमिनीवर बसलं होतं, आई त्याला उठवायला बघत होती. त्यांची पाण्यावर उतरायची वाट आहे ना, बरोबर तिच्यावर आपण लपण बांधलंय. दुपारचा वारा दरीतून वर चढतो. डोळ्यांपासून लपलात तुम्ही, पण वासाचं काय? तुम्ही समोर बघत होता, आणि ते तुमच्या पाठीकडे बघत तहानलेले उभे होते."

निनादचा आवाज चढला. "पण गुरुजी, एकच संध्याकाळ तहानले असते! एक फोटो मिळाला असता, तर सगळा उन्हाळा त्यांना पाणी मिळालं असतं. आता थोड्याच दिवसांत तिथे पाणीच नसेल!"

"तू म्हणतोस ते चूक नाही, बाळ. सकाळी मीही असाच विचार केला, म्हणून गप्प बसलो. पण ते वासरू पाहिल्यावर मला तो विचार पुढे नेता येईना. आपण पाणी ठेवतो आणि त्याच्या मोबदल्यात तोंड दाखव म्हणतो. मग ते दिलेलं पाणी कसलं? ज्याने पाणी ठेवलं, त्याला तिथून उठून जाताही आलं पाहिजे." मग ते शेठजींकडे वळले. "टँकरचं तुम्ही ठरवा. माझ्याकडे तुम्हाला दाखवण्यासारखं काही नाही."

मग शेठजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आमची आई ओट्यावर माठ भरून ठेवायची आणि दार लोटून आत यायची. मी फटीतून बघायला गेलो की कान पिरगळायची. म्हणायची, पिणाऱ्याला ओशाळं वाटतं रे, सर मागे."

जीप दगडांवरून हिंदकळत राहिली.

"टँकर कधी आहे?" त्यांनी विचारलं.

"मंगळवारी," निनाद हळूच म्हणाला.

"येऊ दे."

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर ते पुन्हा तिथे गेले. निनादने स्वतःच्या हाताने लपणाचे बांबू उपटले. शेठजींनी दुखऱ्या पाठीने ते एकेक करून जीपपर्यंत ओढत नेले. वाट मोकळी झाली. रात्री पाण्यापाशी चिखलात काय काय उमटलं होतं, ते बघायला कुणीही खाली उतरलं नाही.