जाजमावरचा डाग

घरातल्या वस्तू माणसांसारख्या बोलत असत, त्या काळची गोष्ट. दुर्पदाकाकूंकडे ढवळ्या नावाचं कुत्र्याचं पिल्लू आलं आणि पहिल्याच सकाळी त्यानं माजघरातल्या जाजमावर शू केली.

"पुन्हा असा वास आला, तर गोठ्यात नेऊन बांधीन!" काकू कडाडल्या.

ढवळ्या भेदरला. फडताळातली गुलाबदाणी म्हणाली, "घाबरतोस काय? मी आहे ना!" तिनं जाजमावर गुलाबपाणी शिंपडलं. घर घमघमलं. पण त्या घमघमाटाखालून ढवळ्याला आपलाच वास येई, आणि वास आला की पाय आपोआप तिकडे वळत. दुपारपर्यंत आणखी दोनदा तेच झालं. काकू दावं आणायला गेल्या.

"मला तिथं ओढत ने," दाराआडचं पोतेरं म्हणालं.

"तुम्ही घाण व्हाल ना, आजोबा!"

"मग धुतील मला. चल लवकर."

ढवळ्यानं त्याला दातांत धरून ओढत नेलं. पोतेऱ्यानं जाजमाला घट्ट बिलगून सगळी ओल शोषून घेतली. पिल्लाची ती धडपड पाहून काकू दारातच थबकल्या. त्यांनी दावं खुंटीला टांगलं, लिंबाच्या पाण्यानं जाजम चोळून धुतलं आणि कडक उन्हात टाकलं.

दुसऱ्या दिवशी ढवळ्यानं जाजम हुंगून पाहिलं. आपला वास सापडेना, तेव्हा तो अंगणाच्या दाराशी जाऊन कुईकुई करू लागला. काकूंनी धावत दार उघडलं.

"घर कसं प्रसन्न वाटतंय!" आलेले पाहुणे म्हणाले. गुलाबदाणीनं मान ताठ केली. ढवळ्या मात्र परसात गेला आणि दोरीवर वाळणाऱ्या पोतेऱ्याच्या सावलीत पसरला.