भिवरामायची डांगरवाडी

फार वर्षांपूर्वीची, सुरई नदीकाठचं आपलं हे गाव वैशाखाला भिऊन असायचं, तेव्हाची ही गोष्ट. फाल्गुन सरला की माणसं दारं लोटून घ्यायची. ऊन चढलं की म्हणायची, हे दिवस एकदाचे जाऊ दे. गावात एकच बाई अशी होती, जी म्हणायची, हे दिवस जरा थांबू दे.

तिचं नाव भिवरा. ढिवराची लेक आणि ढिवराचीच सून. नवरा डोमा पावसाळाभर नदीत जाळं टाकायचा. काठावर दोघांची वीतभरही जमीन नव्हती. पण पूर ओसरला, नदी आक्रसून एका कडेला लागली, की मधली मोकळी वाळू त्यांचं शेत व्हायची. तिथं दोघं चर खणत, चरात गाळ आणि शेणखत भरत आणि टरबुजाचं बी लावत. अशा वाळूतल्या वाडीला आमच्याकडे डांगरवाडी म्हणतात.

चैत्र लागला की भिवरा आपली चूल, मडकी, गोधडी घेऊन वाडीतल्या खोपटात राहायला यायची. पहाटे वाळू गार असायची, तिच्यावर अनवाणी हिंडायची. काठावरच्या मोहाची फुलं टपटप पडत, त्यांचा वास पार पाण्यापर्यंत यायचा. वाळूत खड्डा करून तिनं झिरा केला होता. त्यात हळूहळू पाझरणारं पाणी ती भोपळ्याच्या तुंब्यानं वेलांना घालायची. टिटवीनं चरातच अंडी घातली, तर तेवढा चर सोडून द्यायची.

डोमा म्हणायचा, "पाखराच्या अंड्यापायी चार वेल गेले ना वं!"

"जाऊ द्या जी. तिचंबी घर हाय."

दुपारी खोपटाच्या सावलीत दोघं आंबिलीचा घोट घेत, कैरीला मीठ लावून खात. अंगावर वारा यायचा आणि भिवरा डोळे मिटून म्हणायची, "देवा, लय दिलंस." असं म्हणतात, की तिच्या वाडीत ऊनसुद्धा चपला बाहेर काढून यायचं.

एका वैशाखात मात्र आक्रीत झालं. त्या साली नदीची धार आटली होती आणि काठावरच्या विहिरीही. वाडीतली टरबुजं आदल्याच दिवशी डोमा बाजारात घालून आला होता. वेलावर राहिली होती फक्त बियाची. दरसाल सगळ्यांत चांगली टरबुजं भिवरा बियासाठी ठेवायची आणि खूण म्हणून त्यांच्या देठाला पांढरं सूत बांधायची. हे बी तिनं माहेराहून आणलं होतं. तिच्या आईचं, आईच्या आईचं बी. तशी टरबुजं पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाकडे नव्हती.

डोक्यावर ऊन आलं आणि नदीच्या वळणावरून एक वऱ्हाड वाळूत उतरलं. बैलांच्या तोंडाला फेस आला होता. पोरं रडायचीही थांबली होती. पुढच्या गाडीत नवरी मुलगी आईच्या मांडीवर निपचित पडली होती.

एक म्हातारा पुढं आला. त्याला बोलवत नव्हतं. "बाई, पाणी हाय का? वाटंतल्या विहिरी कोरड्या निघाल्या. पोरीले ऊन लागलं."

भिवरा तुंबा घेऊन झिऱ्याकडं धावली. पण झिरा तो. एक तुंबा भरला की पुन्हा पाझरायला वेळ लागायचा. तेवढ्या पाण्यानं नवरीचं कपाळ ओलं झालं, ओठ ओले झाले, आणि संपलं. मागं अख्खं वऱ्हाड उभं होतं.

भिवरानं वेलांकडं पाहिलं. मग कमरेचा विळा काढला.

डोमानं तिचा हात धरला. "काय करतं? बियाचं हाय ते! हे कापलं तर पुढच्या साली वाळूत काय लावशीन?"

"पुढच्या साली पाहू जी. तहान आज हाय."

डोमानं हात सोडला. भिवरानं पहिलं टरबूज फोडलं. आत लालभडक गर होता आणि उन्हातही तो गार लागत होता. एक फोड पिळून तिनं रस नवरीच्या तोंडात सोडला. पोरीनं घोट गिळला, डोळे उघडले. मग भिवरा कापत गेली आणि डोमा वाटत गेला. पोरांना दिलं, म्हाताऱ्यांना दिलं, साली बैलांपुढं टाकल्या. असं म्हणतात, की टरबुजं थोडी होती आणि माणसं फार, पण सगळ्यांची तहान भागेपर्यंत विळा थांबला नाही.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. तरतरी आली तसं वऱ्हाड उठलं, हातात फोडी घेऊन खात खातच नदीच्या पात्रातून पुढं गेलं. जाताना नवरी गाडीतून उतरली आणि भिवराच्या पाया पडली. ती कोण, कुठली, हे विचारायचं राहूनच गेलं. कुणी म्हणतं, ती सुरई नदीच होती, पोरीच्या रूपानं परीक्षा घ्यायला आलेली. आमची म्हातारी माणसं म्हणत, नाही, ती साधी तहानलेली पोर होती, म्हणून तर भिवरा मोठी.

संध्याकाळी एखादं बी सापडतं का म्हणून डोमानं वाळू चाळून पाहिली. बैलांनी आणि मुंग्यांनी काही ठेवलं नव्हतं. त्या रात्री भिवरा आईला आठवून रडली.

मग पावसाळा आला, दांडगा पूर आला आणि गेला. पौषात वाळू उघडी पडली, पण लावायला काही नव्हतं. दोघं दुसऱ्याच्या धानाच्या खळ्यावर मजुरीला जाऊ लागली. एके सकाळी भिवरा धुणं घेऊन नदीवर गेली, आणि तिच्या हातातून धुणं गळून पडलं.

वाळूत दोन पानांचा कोंब होता. पुढं दुसरा. त्याच्या पुढं आणखी. ती चालत गेली, नदीचं वळण ओलांडलं, तरी कोंब संपेनात. वऱ्हाडानं चालता चालता बिया थुंकल्या होत्या. पुरानं त्या नेल्या नव्हत्या, नदीनं त्या पोटाशी धरून ठेवल्या होत्या, असं म्हणतात. ज्या वाटेनं वऱ्हाड गेलं, त्याच वाटेनं वेल निघाले होते.

डोमा धावत आला. गुडघे टेकून त्यानं एका कोंबाला बोट लावलं आणि लहान पोरासारखा हसत सुटला. "भिवरे, एवढ्याले पाणी कोण घालंन वं?"

भिवरानं गावाकडं तोंड केलं आणि मोठ्यानं हाळी दिली, "या हो बाप्पा! वाळू लय हाय, वेल लय हायेत. आमच्या दोघांच्या पोटात थोडंच मावते हे!"

गाव आलं. ज्याला जमीन होती तोही आला, ज्याला नव्हती तोही. ज्यानं त्यानं झिरे खणले, गाळ वाहिला. त्या चैत्रात सगळं गाव वाळूत राहायला गेलं. पोरं पाण्यात डुंबली, बायांनी खोपटांत पापड लाटले, म्हातारे पहाटेच्या गार वाळूवर पाय पसरून बसले. वैशाख कधी सरला, कळलंही नाही. त्या सालापासून आपल्या गावानं उन्हाळ्याला शिव्या देणं सोडलं.

भिवरा पुष्कळ जगली. तिचं माहेरचं बी घराघरात पोचलेलं तिनं पाहिलं आणि मगच डोळे मिटले.

आता नदीवर पूल झाला आहे, वऱ्हाडं जीपमधून जातात. पण आजही लग्नसराईत पुलाच्या तोंडाशी गावातलं कुणीतरी कापलेलं टरबूज घेऊन उभं असतं. कुणाचंही वऱ्हाड असो, गाडी थांबवतात. पहिली फोड नवरीच्या हातात देतात. "पोरी, भिवरामायचा वाटा हाय," म्हणतात. नवरी फोड खाते, मुंडावळ्या सावरत खिडकीतून वाकते आणि नटलेल्या तोंडानं, सगळ्यांदेखत, बिया खाली वाळूत थुंकते. आणि तिला कुणी नावं ठेवत नाही.