एका गुरामीसाठी हलवलेले दगड

एका व्यापारी गावात एकदा एक वृद्ध आचार्य राहत असत. पाठशाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी ओसरीवर काचेच्या टाक्या मांडल्या होत्या आणि त्यांत मासे नांदत होते. ‘नांदत होते’ हा शब्द येथे जाणून योजला आहे. मासे ठेवणारी घरे पुष्कळ असतात. ज्यांच्याकडे मासे नांदतात, अशी थोडी.

आचार्यांचा एक शिष्य होता. माशाचे रूप सर्वांत शेवटी पाहावे, हा त्याचा पहिला पाठ. आधी माशाला कोणते पाणी मानवते ते पाहावे; मग तो वाढून केवढा होईल, त्याच्या तोंडात कोण मावेल, तो तळाशी चरतो की पृष्ठाशी, एकटा रमतो की थव्यात, याचा विचार करावा. बाजारात बोटभर दिसणारा मासा मोठा होऊन शेजाऱ्याला गिळू शकतो आणि थव्यातला मासा एकटा आणला तर तो भीतीनेच झुरतो. शिष्याने हे इतके आत्मसात केले होते की लोक मासे विकत घेण्यापूर्वी त्याला विचारायला येत.

गावातल्या एका कापडाच्या व्यापाऱ्याने त्याला आपल्या दुकानात एक मोठी टाकी मांडून द्यायला सांगितले. शिष्याचे हे पहिले स्वतंत्र काम होते. त्याने तळाशी शांतपणे वाळू उकरणारे कॉरी मासे सोडले, मध्यभागी रासबोरा या चिमुकल्या माशांचा थवा आणि शोभेसाठी रुपेरी, उंच परांचे तीन एंजल मासे. डावीकडे काळ्या दगडांची रास, उजवीकडे वाळल्या लाकडाचे वेडेवाकडे मूळ, मागे वनस्पतींची दाटी. प्रत्येक एंजलने आपापली जागा निवडली. एक दगडांपाशी, दुसरा मुळापाशी, तिसरा वनस्पतींपाशी. दुकानात आलेली माणसे आधी टाकीसमोर उभी राहत आणि मग कापडाकडे वळत.

दुकानाची रचनाही जुनी आणि पक्की होती. पांढऱ्या गाद्यांवर विक्रेते बसत. रेशमाची गादी विसूभाऊंची होती, सुताची दुसऱ्याची, तयार कपड्यांची तिसऱ्याची. विसूभाऊ सर्वांत जुने. त्यांच्या गादीवर दुसरे कोणी हात टेकला तरी ते खाकरत.

पुढे व्यापाऱ्याचा धाकटा भाऊ वारला. शेजारच्या गावात त्याचे कापडाचे लहानसे दुकान होते, ते बंद झाले. त्याची मुलगी इंदुमती एकटी उरली. “इंदूला तुझ्या दुकानात घे,” एवढेच त्याने थोरल्या भावाकडे मागितले होते. ती आली तेव्हा तिच्या हातात एक मोठी काचेची बरणी होती आणि बरणीत एक निळा गुरामी. तिच्या वडिलांनी हौसेने वाढवलेल्या माशांपैकी तेवढा एकच राहिला होता.

काकाने तिला दारापाशी, टाकीच्या शेजारी, नवी गुबगुबीत खुर्ची दिली.

“बस इंदू. घरचीच आहेस. कसला त्रास घेऊ नकोस.”

इंदुमती बसली. वडिलांच्या दुकानात तिने किती लग्नांचे बस्ते बांधून दिले होते. पण येथे तिला कापडाला हात लावायचे कारणच मिळेना. एखादी बाई तिच्याशी बोलू लागली की विसूभाऊ गादीवरून हाक मारीत, “ताईंना कशाला त्रास? इकडे या, इकडे.”

बरणी गुरामीला फारच अपुरी होती. व्यापाऱ्याने शिष्याला बोलावले. शिष्याने पाणी तपासले, माशाचा आकार पाहिला, त्याचा आहार विचारला आणि निर्णय दिला, “हा यांच्यात राहील.” तरीही सावधगिरी म्हणून त्याने टाकीच्या मागच्या कोपऱ्यात एक पालथी करवंटी ठेवली. नव्या पाहुण्याला हक्काची जागा असावी, हा त्यामागचा हेतू.

गुरामी पाण्यात उतरला आणि तिन्ही एंजल वळले. दगडांपाशी गेला तर पहिला त्याच्यावर धावला, मुळापाशी गेला तर दुसरा. तो करवंटीत शिरला आणि तेथेच राहिला. गुरामीला मात्र मधून मधून पृष्ठाशी येऊन हवा घ्यावी लागते. केवळ पाण्यातल्या श्वासावर त्याचे भागत नाही. तो वर निघाला की वाटेत कोणीतरी उभा असे, त्याला धडक बसे आणि हवा न घेताच तो खाली परते. त्याच्या परांच्या कडा फाटल्या. त्याचा निळा रंग उतरला.

शिष्याने मध्ये काचेचा पडदा घातला. पडदा काढताच पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. त्याने सर्वांत मोठा एंजल बादलीत काढून ठेवला, तर दुसऱ्याने त्याची दगडांची रास ताब्यात घेतली आणि तो अधिकच आक्रमक झाला; शेवटी मोठ्यालाही परत सोडावे लागले.

“शास्त्रीबुवा,” विसूभाऊ शिष्याला म्हणाले, “आता पत्रिका जुळवून बघा. गुण कमी पडले असतील.”

गादीवरची माणसे हसली. इंदुमती हसली नाही. ती काकापाशी गेली.

“काका, मी या माशाला घेऊन परत जाते.”

“कुठे जाशील? तिथे आता काय राहिलंय?”

“इथे तरी काय आहे? हा करवंटीत बसतो, मी खुर्चीत बसते. याला इथे राहता आलं तर मी राहीन. नाहीतर बाजाराच्या दिवशी गाडी बघते.”

भावाला दिलेला शब्द एका माशाच्या श्वासाला बांधला गेला होता. काकाने शिष्याकडे पाहिले आणि शिष्य तडक आचार्यांकडे गेला.

“गुरुजी, माझी निवड चुकली. मासे भांडतात.”

“भांडतात?” आचार्यांनी विचारले. “शब्द नीट वापर. काय करतात ते सांग.”

शिष्याने सर्व सांगितले. आचार्यांनी ऐकून घेतले आणि दुसरा प्रश्न केला, “गुरामी दगडांपासून दूर गेला, की पहिला एंजल त्याच्यामागे जातो?”

शिष्याने आठवून पाहिले. “नाही. आपल्या हद्दीपर्यंत येतो आणि परततो.”

“मग ते भांडत नाहीत. ते राखतात. निवड कशी चुकली ते मला अजून दिसलेले नाही. दुकान बंद असेल त्या दिवशी जाऊ.”

सुटीच्या दिवशी दुपारी चौघे टाकीसमोर जमले: आचार्य, शिष्य, व्यापारी आणि इंदुमती. विसूभाऊंना कोणी बोलावले नव्हते, पण तेही आले. आचार्यांनी टाकीवरचा दिवा मालवला, खिडकीचा पडदा ओढला. गुरामीला अलगद जाळीत घेऊन त्यांनी त्याच्या जुन्या बरणीत ठेवले. मग बाह्या सारल्या आणि दगडांच्या राशीत हात घातला.

“गुरुजी,” शिष्य दचकून म्हणाला, “ती रास मी आठवडाभर बसून रचली आहे.”

“उत्तम रचली आहेस.” असे म्हणत आचार्यांनी रास मोडली. दगड एकेक करून उजवीकडे नेले. मूळ उपटून आडवे केले आणि मधोमध टेकवले. मागच्या वनस्पती पुढे आणल्या, काही तर पृष्ठावर तरंगत सोडल्या. करवंटी त्यांनी बाहेर काढली आणि ती परत ठेवलीच नाही. वाळू ढवळली, पाणी गढूळले. एंजल तीन दिशांना पळाले आणि रासबोरांचा थवा काचेला चिकटून उभा राहिला.

व्यापाऱ्याला राहवेना. “आचार्य, त्रास आहे तो एका माशाला. तुम्ही सगळ्यांचं घर का मोडता? ज्याला जागा नाही त्याला जागा करून द्या.”

“ती आपण आधीच करून दिली होती,” आचार्य म्हणाले. “तिचाच तर घोटाळा झाला.”

विसूभाऊ इंदुमतीला म्हणाले, “ताई, तुमच्या एका माशापायी शेठची टाकी गेली.” या वेळी कोणी हसले नाही.

गढूळपणा थोडा निवळला तशी आचार्यांनी बरणी पाण्यात तिरकी धरली. गुरामी बाहेर आला. जवळच्या एंजलने त्याच्याकडे पाहिले, पण धावला नाही. तो जेथून धावत असे ती दगडांची रास तेथे नव्हती. तो दगडांच्या शोधात उजवीकडे गेला, तेथे दुसरा आधीच चाचपडत होता. दोघे एकमेकांना वळसा घालून निघून गेले. गुरामी आडव्या मुळाखालून सरकला, पुढे आलेल्या वनस्पतींतून वाट काढीत चढला आणि तरंगत्या पानांच्या सावलीत पृष्ठाशी पोहोचला. त्याने तोंड वर केले. हवा घेतली. एक बुडबुडा सुटला.

इंदुमतीने रोखलेला श्वास सोडला, तो सर्वांना ऐकू आला.

गुरामी खाली आला आणि पुन्हा वर गेला. या वेळी एक एंजल त्याच्या बाजूने, हातभर अंतर राखून, काही क्षण पोहत राहिला. शिष्य काचेला नाक लावून पाहत होता. त्याच्या रचनेतला एकही दगड जागेवर नव्हता आणि तरीही त्याचा चेहरा उजळला होता.

“गुरुजी, हे झालं कसं?”

आचार्य पंच्याला हात पुसत म्हणाले, “ज्याची त्याची हद्द ठरून गेली होती. आपण नव्याला एक कोपरा दिला आणि उरलेले सगळे पाणी जुन्यांकडेच ठेवले. कोपरा दिला की आलेला पाहुणा होतो, आणि पाहुणा कोपऱ्याबाहेर आला की खटकतो. आता दगड हलले, आणि एका घटकेत सगळेच नवे झाले. जो स्वतःच जागा शोधत आहे, त्याला दुसऱ्याला हाकलायला सवड मिळत नाही. तो शोध संपेपर्यंत हे एकमेकांना ओळखू लागतील.”

मग ते शिष्याकडे वळले. “आणि हे ध्यानात ठेव. तू जर येथे मासे गिळणारा मासा आणला असतास, तर मी डोंगर हलवूनही काही झाले नसते. पाणी, आकार, स्वभाव, सर्व तू अचूक जुळवलेस, म्हणून दगड हलवण्याला अर्थ आला. निवड तुझी होती. माझे हात केवळ ओले झाले.”

शिष्याने वाकून नमस्कार केला. व्यापारी मात्र टाकीकडे पाहत नव्हता. तो दुकानातल्या रिकाम्या गाद्या पाहत होता, एकेक करून, आणि शेवटी दारापाशीची गुबगुबीत खुर्ची.

दुसऱ्या दिवशी सकाळी विसूभाऊ दुकानात आले आणि उंबऱ्यातच थबकले. रेशीम पलीकडच्या भिंतीशी गेले होते. सूत त्याच्या जागी आले होते. तयार कपडे पार मागे. इंदुमती आत गाद्यांमध्ये गठ्ठे लावत होती. आणि गल्ल्याची बैठक सोडून व्यापारी स्वतः दारातल्या खुर्चीवर बसला होता.

“शेठ, माझी गादी?”

“हलली.”

“मी बसू कुठे?”

“तेच बघायचंय. सगळ्यांनाच बघायचंय.”

विसूभाऊंनी खुर्चीकडे नीट पाहिले. “आणि तुम्ही दारात? मग गिऱ्हाइकाला पाणी तुम्ही द्यायचं.”

“देईन की.”

त्याच दिवशी एका लग्नघरची मंडळी बस्त्यासाठी आली. नवरीची आई, आत्या, दोन माम्या, मागे पुरुष. दुकानात एकच धांदल उडाली. धोतरजोड्या कोणालाच सापडेनात. खण मागितले तर पंचे समोर आले. प्रत्येकाला दुसऱ्याला विचारावे लागले आणि विचारता विचारता, ज्याने त्याने आपल्या गादीवरून उठून दुसऱ्याच्या गादीवर गुडघे टेकले. विसूभाऊ एका गठ्ठ्याखाली वाकले होते. तेथूनच त्यांनी हाक दिली, “इंदूताई, शालू तुमच्या बाजूला आलेत का हो?”

आले होते. इंदुमतीने शालू उलगडला. तिने नवरीच्या आईला आधी विचारले, मानाच्या साड्या कोणाकोणाला द्यायच्या, आणि आत्याच्या साडीचा मान पहिला ठेवला. आत्याबाईंच्या कपाळावरची आठी गेली. विहिणीसाठी रंग कोणता, सोवळ्यासाठी काय, हे ती विचारत गेली आणि विसूभाऊ गठ्ठे तिच्यापुढे टाकत गेले. तिसऱ्या प्रहरी बस्ता बांधला गेला, तेव्हा आत्याबाई जाता जाता म्हणाल्या, “विसूभाऊ, ही मुलगी इतके दिवस कुठे लपवून ठेवली होती?”

“दारात होती,” विसूभाऊ म्हणाले. “आम्हालाच दिसली नाही.”

इंदुमतीने बाजाराच्या दिवशी गाडी पाहिली नाही. तिची काचेची बरणी आता गाद्यांच्या मधोमध असते आणि तिच्यात साऱ्या दुकानाच्या मोजपट्ट्या आणि कात्र्या असतात. जो उठतो तो तिच्यात हात घालतो. गुरामीचे पर भरून आले, निळा रंग परतला. तो आता टाकीभर हिंडतो, आणि मधूनच निवांतपणे वर येऊन हवा घेतो.

नव्याने आलेल्यास जागा देताना, आपला दगड आपण हलवला की नाही, हे एकदा पाहावे.