हेमांगीचं गाठोडं

एका भाषेचं एक पंचमंडळ होतं. भाषेत काही बदल करायचा, तर त्यांची मंजुरी लागे. भाषा माणसांची नव्हे बरं का, संगणकाला कामं सांगायची. त्या भाषेत माहिती गाठोड्यात बांधून ठेवत. गाठोडं सोडायचं तर मात्र एकेका वस्तूसाठी वेगळी ओळ लिहायची: यातलं नाव काढ, यातलं वय काढ, यातलं औषध काढ.

हेमांगी दवाखान्यांसाठी प्रोग्राम लिहायची. तिच्याकडची मंडळी एक ओळ लिहीत, तीच खाली चिकटवत आणि कधीतरी त्यातला शब्द बदलायचा विसरत. एकदा चिठ्ठीवर औषधाच्या जागी रुग्णाचं वयच छापून आलं. औषधवाला बघतच राहिला! हेमांगीचं डोकं फिरलं. "अख्खं गाठोडं एका ओळीत सुटलं पाहिजे," ती म्हणाली आणि तशी सूचना घेऊन थेट पंचांपुढे गेली.

पंचांची रीत मोठी खट. सूचना आणणाऱ्यानं आधी स्वतःच्याच सूचनेविरुद्ध बोलायचं. बहुतेक जण किरकोळ खुसपट काढून वेळ मारून नेत. हेमांगीला मात्र आदल्या दिवशीच खरी खोट सापडली होती. ती दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आली नव्हती. गप्प बसली असती, तर सूचना मंजूर झालीच असती.

ती बोलली. "माझी ओळ वस्तू गाठोड्यातल्या क्रमानं काढते. तो क्रम बदलला, तर तिच्यानंही औषधाच्या जागी वयच येईल. आणि संगणक हूं की चूं करणार नाही."

हशा पिकला. मुख्य पंच अच्युतराव म्हणाले, "अहो बाई, आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतलात! घ्या आता सूचना मागे."

"मुळीच नाही!" हेमांगी ताडकन म्हणाली. "खोट सूचनेत आहे, गरजेत नाही. खुशाल नाकारा. दुरुस्त करून पुन्हा आणीन. पुन्हा नाकारलीत, तर पुन्हा आणीन."

पंचांनी नाकारली. पुढच्या बैठकीला बाई हजर! आता गाठोडं क्रमानं नव्हे, वस्तूच्या नावानं सुटत होतं. मागितलेली वस्तू आत नसली, की संगणक तिथंच थांबून ओरडत होता.

पुन्हा विरुद्ध बोलायची वेळ आली. "नवख्यांना ही ओळ जरा अवघड जाईल," ती म्हणाली. "त्यांना मी शिकवीन. दुसरी खोट शोधून शोधून थकले. तुम्हाला सापडते का बघा."

पंच बराच वेळ कागद उलटेपालटे करत राहिले. शेवटी अच्युतरावांनी पेन उघडलं. "यांना सापडली नाही, म्हणजे ती नसणारच," ते म्हणाले आणि त्यांनी मंजुरीची सही केली.

तात्पर्य: आपली खोट आपणच सांगावी, चारचौघांत सांगावी; पण तेवढ्यानं आपला हट्ट सोडू नये.